कोट उतरलेला, बाह्या माझ्या

दुकानात कपडा हातात आला की मी तो आधी उलटा करते. दुकान कुठलंही असो, आमच्या गावच्या गुलमंडीतलं की पुण्यातलं, काचेच्या दाराचं की ताडपत्रीचं. रंग नंतर, किंमत त्याच्याही नंतर. आधी आतली शिवण.

पुण्यातल्या एका बुटीकमध्ये यावरून माझी जुंपली होती. दुकान असं की आत वीसच कपडे आणि प्रत्येकावर वेगळा दिवा. मी एक कुर्ता हँगरवरून काढला, उलटा केला आणि काखेतली शिवण दिव्याखाली धरली. काउंटरवरची मुलगी लगबगीनं आली.

“मॅम, प्राइस टॅग कॉलरला आहे.”

“टॅग नाही, टीप बघतेय.”

“हे सगळं हॅन्डमेड आहे, मॅम.”

“ते दिसतंय. घाईत केलंय तेही दिसतंय. इथं दोरा तुटला होता, गाठ न मारता तशीच पुढं गेलीय टीप. दोन धुण्यांत काख उघडी पडणार.”

तिनं माझ्या चपलांकडं बघितलं. अशा दुकानांत चेहऱ्याआधी चपला बघतात, हे मला आता पाठ झालंय. मी बघू दिल्या. मग कुर्ता सुलटा करून नीट हँगरला लावला आणि बाहेर पडताना दार हळू ओढून घेतलं. दार आपटलं की लोकांना वाटतं, परवडलं नाही म्हणून गेली. मला तो कुर्ता पटला नव्हता. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो फरक करता यावा म्हणून आमच्या घरानं फार लांबचा पल्ला मारलाय.

शिवण बघणारे हे डोळे आईचे. आमच्या पुढच्या खोलीत तीस वर्षांपासून आईचं पायमशीन आहे. ब्लाउज, फॉल-पिको, सैल-घट्ट करून देणं. मी त्या मशीनच्या शेजारी चिंध्यांच्या ढिगावर बसून पाढे पाठ केले. आईकडं गिऱ्हाइकाचा कपडा आला की ती आधी तो उलटा करायची आणि मला दाखवायची. “ही बघ माया. ह्या टेलरचं मन मोठं हाय.” शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला माया म्हणतात. ती सोडलेली असली की माणूस जाड झालं तरी कपडा सैल करता येतो. कंजूष टेलर माया कापून टाकतो. आई अशा टेलरचं नाव न घेता “त्यो” म्हणायची, आणि ती शिवीच असायची.

कपडा वाचायला तिनं मला शिकवलं, पण शिवायला नाही. मशीनला हात लावला की ओरडायची, “बोटं मोडीन! वही धर!” तिचं गणित सरळ होतं. पोरीला शिवता आलं की पोरगी शिवतच बसणार. म्हणून मी वही धरली. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात पहिली पदवी माझी. बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र. मी पदवीधर आहे आणि मला साधं बटण लावता येत नाही. पहिल्या गोष्टीचा मला अभिमान आहे, दुसऱ्या गोष्टीचा आईला.

आईचा आणखी एक नियम होता, आणि तो मशीनच्या नियमापेक्षा कडक होता. उतरलेलं अंगाला लावायचं नाही. म्हणजे दुसऱ्यानं घालून टाकलेला कपडा घ्यायचा नाही. कितीही चांगला असो, कुणीही देवो.

कॉलनीतल्या बायका ब्लाउज टाकायला यायच्या तेव्हा हातात दुसरी एक पिशवी असायची. एक ताई तर दर दिवाळीआधी आणायच्या. प्राध्यापकांच्या घरातल्या, बोलायला गोड.

“अहो, आमच्या मुलीचे फ्रॉक आहेत. दोनदासुद्धा घातले नाहीत. तुमच्या मुलीला अगदी होतील.”

आई तोंडातली टाचणी काढायची, हसायची. “ताई, पिशवी राहू द्या तुमच्याकडंच. ब्लाउज बेस्तरवारी देते.”

मी चिंध्यांवर बसून त्या पिशवीतून डोकावणारी पिवळी झालर बघायचे. एकदा त्या गेल्यावर मी रडले. आईनं मशीन थांबवलं नाही. टीप मारता मारताच तिनं मला आज्जीची गोष्ट सांगितली.

आज्जी, म्हणजे आईची आई, खुलताबादच्या बाजूच्या एका खेड्यात मोठ्या घराच्या शेतावर राबायची. राबण्याच्या बदल्यात धान्य आणि वर्षाला मालकिणीचं एक उतरलेलं लुगडं. एका वर्षी जे लुगडं मिळालं त्याला पदराजवळ जळाल्याचं भोक होतं आणि त्यावर हिरवं ठिगळ. आज्जीनं ते धुऊन, निऱ्या करून नेसलं आणि ती बाजाराला गेली. भर बाजारात त्या घरची लेक मैत्रिणींना म्हणाली, “ते बघा, आमच्या आईचं लुगडं बाजारात फिरायलंय.”

आज्जी फिरत होती. त्यांना लुगडंच दिसलं.

आज्जी घरी आली, लुगडं सोडलं आणि म्हणाली, आजपासून नाही. पुढच्या वर्षी मालकिणीनं दुसरं काढून दिलं, तर हिनं घेतलं नाही. त्यावर काय काय झालं ते आई सांगत नाही. एवढंच म्हणते, “आपण गाव सोडलं, देव सोडले, मेलेल्या ढोराचं सोडलं. लुगडं त्याच्यातलंच.” विहारात वंदनेला जातानाही आमच्या घरची माणसं स्वतःच्या पैशाच्या कापडात जातात. तो कपडा विटका असंल, पण दुसऱ्या कुणाचा नसंल.

हे मला मान्य होतं. अजूनही आहे. म्हणूनच पुढं जे झालं ते सोपं नव्हतं.

मी एका बियाणांच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. बी उगवतं का, किती उगवतं, आतून किडलंय का, हे बघायचं. प्रशिक्षणाला, तपासणीला सतत बाहेरगावी जावं लागतं. हैदराबाद, इंदूर, बंगळूर, कधी हिमाचल. संध्याकाळी पाचनंतर सोबतची माणसं हॉटेलात टीव्ही लावतात किंवा देवळं बघतात. मी कपड्यांची दुकानं बघते. विकत घेतेच असं नाही. पण गावाची शिवण कळते.

हिमाचलात गेले तेव्हा अंगात एक पातळ स्वेटर होता. आपल्याकडच्या थंडीच्या हिशोबानं घेतलेला. तिथल्या चढावरच्या रस्त्याला लागून जुन्या लोकरी कपड्यांचे ढीग होते आणि त्या ढिगांत सगळं गाव हात घालत होतं. कॉलेजचे मास्तर, बँकेतल्या बायका, आमच्याच प्रशिक्षणाचे मोठे साहेब. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. मी दोन संध्याकाळी हात पाठीमागं बांधून नुसती उभी राहिले. थंडीनं दात वाजत होते आणि कानात आईचं मशीन. तिसऱ्या दिवशी मी एक मफलर उचलला. हॉटेलवर तो तीनदा धुतला. परत आल्यावर घरी नेला नाही. ऑफिसच्या कपाटात ठेवला.

तिथून त्या कपाटात भर पडत गेली. इंदूरचा एक सुती शर्ट, हैदराबादचं एक जाकीट. ऑफिसात घालायचे, संध्याकाळी काढून ठेवायचे आणि घरी सुळसुळीत ड्रेसमध्ये परत. माझ्यासोबतच्या मुली जुन्या कपड्यांना थ्रिफ्ट म्हणतात आणि फोटो टाकतात. त्यांना ती हौस आहे. त्यांच्या आज्जीला कुणी बाजारात लुगडं म्हणून ओळखलेलं नाही. माझं वय चौतीस, पगार स्वतःचा, आणि मी कपडे चोरून बदलते! चोरी केलेली नसताना चोरासारखं वागायचं, याचा मला राग यायला लागला होता.

मग बंगळुरात तो कोट मिळाला.

जुन्या कपड्यांचंच दुकान, पण नीटनेटकं. एका घराच्या खालच्या मजल्यावर. पिकल्या केसांची एक बाई चष्मा डोक्यावर चढवून वाचत बसली होती. कोट राखी रंगाचा, लोकरीचा, पुरुषाचा. मी सवयीनं उलटा केला. बाई उठली. मला वाटलं, आता टॅग सांगणार. तिनं टेबलावरचा दिवा माझ्याजवळ सरकवला.

आतलं काम बघून मी तिथल्या स्टुलावर बसलेच. कॉलरखाली हातानं घातलेले टाके, एकसारखे, तांदळाच्या कणीएवढे. छातीत चिकटवलेलं अस्तर नव्हतं, टाचून बसवलेलं कॅनव्हासचं जाड कापड होतं. कुणीतरी या कोटावर कितीतरी दिवस मान मोडली होती. अंगात घातला तर खांदे आपोआप मागं गेले. फक्त बाह्या चार बोटं लांब.

“किसका था?” मी विचारलं.

“मालूम नहीं,” बाई म्हणाली. “अब किसका है, वो बताओ.”

मी पैसे दिले, पावती घेतली.

घरी आले तर कॉलेजचं पत्र आलं होतं. माझंच कॉलेज. घरातून पहिल्यांदा कॉलेजात आलेल्या मुलांसमोर बोलायला या, सोबत आईवडिलांना आणा. रविवारी सकाळी, मैदानात मांडव घालून. आईनं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. माझ्या तीन वर्षांत ती कॉलेजच्या आत कधी आलीच नव्हती. प्रवेशाच्या दिवशी फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, “तू जा, मी हितंच थांबते.” पदवीच्या दिवशी लग्नसराईचे ब्लाउज होते, किंवा तसं ती म्हणाली. आता मात्र तिनं नवी साडी घेतली, निळसर, बारीक काठाची, आणि स्वतःचा ब्लाउज कापायला घेतला. “पुढं बसवतात का मागं?” हे ती रोज विचारायची.

“पहिल्या रांगेत, आई.”

“पाठ सरळ ठेवावी लागंल मग.”

मला त्या दिवशी तो कोट घालायचा होता. जानेवारीची सकाळ, उघडं मैदान, थंडी होतीच. पण खरं कारण थंडी नव्हतं. त्या कोटात मी जशी उभी राहते तशी मला त्या मुलांसमोर उभं राहायचं होतं.

बाह्या आखूड करायच्या तर कुणाकडं? गुलमंडीतले सगळे टेलर आईला ओळखतात. तिथं कोट दिला असता तर माझ्याआधी बातमी घरी पोचली असती. म्हणजे आईकडंच द्यायचा, आणि नवा म्हणून द्यायचा. तेव्हा मी जे केलं ते शिवणाऱ्या बाईच्या शिकलेल्या पोरीलाच सुचावं. माझ्याच एका जुन्या, बुटीकमधल्या कुर्त्याचं लेबल ब्लेडनं काढलं आणि आईचा डोळा चुकवून, आईच्याच डब्यातला दोरा घेऊन, ते कोटाच्या कॉलरखाली शिवलं. आयुष्यातलं माझं पहिलं शिवणकाम. मला बरं जमलं असं वाटलं.

“बुटीकमधून घेतलाय,” मी कोट तिच्या मांडीवर ठेवत म्हणाले. “बाह्या तेवढ्या लांब होतायत.”

आईनं कोट उलटा केला. मी चहाचं निमित्त करून आत गेले. मशीनचा आवाज येईना.

“हे लेबल कुणी लावलं?”

“दुकानात लावतात ना.”

“दुकानदार डोळं मिटून शिवतो व्हय? चार टाकं पूर्वेला, दोन पश्चिमेला.” मग दोरा नखानं उचलून, “आन ह्यो दोरा माझ्या डब्यातला हाय. मरून रंगाचा. परवापासून मी ही रीळ शोधायले.”

खाटेवर बाबा पेपर वाचत होते. वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ते घरातल्या भांडणांचा आढावा घेतात. “रीळ घरातच हाय म्हणायची,” ते म्हणाले.

“तुमी गप बसा. कुणाचा हाय ह्यो कोट?”

“माझा.”

“तुझ्याआधी कुणाचा?”

“माहीत नाही.”

तिनं कोट मांडीवरून उचलून मशीनच्या टोकाला ठेवला. विस्तव ठेवावा तसा. मग मांडी झटकली.

मीही गप्प बसणारी नाही. “मी पैसे देऊन घेतलाय. पावती आहे. शंभर कोटांतून निवडलाय. कुणी दिलेला नाही.”

“देणारा दिसला नाय म्हंजे दिलंच नाय का?”

“भीक म्हणून मिळालेलं वेगळं आणि—”

“भिकेचं नाव काढू नको! तुझी आज्जी भीक मागत नव्हती. राबायची. राबून बी उतरलेलंच मिळायचं, ते दुखणं हाय.”

मी भिंतीवरच्या फोटोकडं बोट केलं. तो फोटो आमच्यासारख्या प्रत्येक घरात असतो, कोट-टायमधला. “यांनीपण कोटच घातला ना?”

“घातला. अंगाचं माप देऊन शिवलेला. कुणाचा उतरलेला नाय.”

मी बोट खाली घेतलं. हे बी.एस्सी.ला शिकवलं नव्हतं.

“तू घाल,” आई म्हणाली. “शिकलेली हाईस, पगार हाय. पण मी येणार नाय. त्या कोटाम्होरं मी खुर्चीवर बसणार नाय.”

पुढचे तीन दिवस तिनं माझ्याशी भाजीमिठाएवढंच बोलणं ठेवलं. तिचा अर्धा शिवलेला ब्लाउज टाचण्यांसकट खुंटीला लटकत होता. मला जाता-येता तो दिसायचा. सोपा मार्ग समोर होता. साडी नेसायची, वर शाल घ्यायची, आई पहिल्या रांगेत बसणार. बाबांनीही एकदा सुचवून बघितलं, “माझा स्वेटर घाल की. लई ऊब हाय त्याला.”

मी नाही म्हणाले. हट्ट म्हणा. पण मी तीन दिवस नीट विचार केला होता. आज्जीनं लुगडं सोडलं कारण तिच्या अंगावर काय असावं हे दुसरी बाई ठरवत होती. ते तिनं थांबवलं. आता मी ठरवतेय. आणि बाजारातल्या त्या लेकीचं एक वाक्य अजून माझं कपाट लावत असंल, हा कपडा आत, तो बाहेर, तर आज्जीनं सोडलं ते काय? त्या लेकीला मी माझ्या कपाटाची किल्ली देणार नाही. आई येवो न येवो. असं मी मनात ठाम म्हणायचे, आणि मग खुंटीवरचा ब्लाउज दिसायचा.

एकच गोष्ट मला टोचत होती. ते लेबल.

शुक्रवारी संध्याकाळी, आई काजं करत बसलेली असताना मी कोट घेऊन तिच्या समोर जमिनीवर बसले. ब्लेड काढलं आणि लेबल उसवायला लागले.

“हे खोटं होतं,” मी म्हणाले. “खोटं बोलले ते चुकलं माझं. कोट चुकला नाही. मी रविवारी तोच घालणार. बाह्या लांब तर लांब, दुमडून घेईन.”

मी ब्लेड ओढत राहिले.

“आडवं धर,” ती शेवटी म्हणाली. “तसं धरलंस तर कॉलर कापशील.”

“कापू दे.”

“कापू दे कशी? आण हिकडं.”

तिनं कोट ओढून घेतला, दोन ओढींत लेबल काढून टाकलं. आणि मग, हात तिथंच होता म्हणून असंल, कॉलर उलटी करून बघितली. चष्मा वर सरकवला. उठून खिडकीपाशी गेली. मी जागची हलले नाही.

“पोट सुटल्यावर सैल केलाय,” ती स्वतःशी बोलल्यागत म्हणाली. “ही बघ जुन्या टिपेची खूण. माया सोडली व्हती म्हणून जमलं.” बाही आतून चाचपली. “कोपर झिजलंय. टेबलावर कोपर टेकून बसायचा. डाव्या खिशात काय तरी जड ठेवायचा.” मग बराच वेळ छातीच्या आतल्या टाक्यांवर बोट फिरवत राहिली. “ह्यो टेलर कोण असंल? एवढं बारीक टाकं आता कोण घालीत नाय. जिथं कुणाला दिसत बी नाय तिथं एवढं काम?”

“म्हणूनच घेतला,” मी म्हणाले.

तिनं कोट घडी करून माझ्या हातात दिला. घडी नीट होती, बाह्या आत. “मी ह्याला सुई लावणार नाय.”

“नको लावूस.”

“तू लाव.”

मला वाटलं टोमणा आहे. पण ती मशीनपाशी गेली आणि स्टूल पायानं माझ्याकडं ढकललं.

“आता हिची बोटं कोण मोडणार?” बाबा खाटेवरून म्हणाले.

“मशीनच मोडंल,” आई म्हणाली. “बस.”

तीस वर्षांत मी त्या स्टुलावर पहिल्यांदा बसले. पायपट्टी दाबली तर चाक उलटं फिरलं आणि दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. आई माझ्यामागं हाताची घडी घालून उभी. तिचं बोट कोटाला लागत नव्हतं, माझ्या मनगटाला मात्र चापट्या बसत होत्या. “टाच टेकव. टाच! कॉलेजात टाच नाय का शिकवली?” आधी तिनं मला चिंध्यांवर सरळ टीप मारायला लावली, मग वाकडी, मग गोल. शनिवारी सकाळी खडूची रेघ मला मारायला लावली. टेपवरचं माप माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, जसं मी तिला पत्र वाचून दाखवलं होतं. “जादा कापड कापू नको. आत दुमड. माया ऱ्हाऊ दे.” अस्तर हातानं टाचायचं होतं. त्यात माझी दोन बोटं भोसकून निघाली.

दुपारी कोट अंगात घालून उभी राहिले. उजवी बाही मनगटावर बरोबर बसली. डावी अर्धं बोट लांब.

“उसवू का?”

आईनं लांबून बघितलं, डोकं एका बाजूला कलवून, गिऱ्हाइकाला बघते तसं. “ऱ्हाऊ दे. उसवून उसवून लोकर मरंल. बोलताना डावा हात वर करू नको म्हंजे झालं.”

येणार की नाही, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही. रविवारी सकाळी उठले तर खुंटी रिकामी होती. बाहेर येऊन बघते तर आई निळसर साडीत रिक्षात बसलेली, पाठ आतापासूनच सरळ. “चला,” ती म्हणाली. “उशीर झाला तर मागं बसवतील.”

कॉलेजच्या फाटकातून ती आत आली. थांबली नाही. मी मुद्दाम बघत होते.

मांडवात पहिल्या रांगेत आम्हाला बसवलं. चहा फिरत होता. तेवढ्यात एक ताई आमच्याकडं आल्या. केस पिकलेले, पण मी ओळखलं. दिवाळीच्या पिशवीवाल्या, प्राध्यापकांच्या घरातल्या. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले, मग मला खाली-वर बघितलं.

“अगं बाई, किती मोठी झाली ही! आणि कोट काय सुंदर आहे. परदेशातून आणलास का?”

हो म्हणाले असते तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. शेजारी आई होती. ती समोर बघत होती, मंचाकडं.

“नाही, ताई. जुना आहे,” मी म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले. “बंगळुरात जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतला. आधी कुणीतरी घातलेला.”

ताईंना क्षणभर कळेना. मग त्या हसल्या, आणि आईकडं वळून अगदी साधेपणानं म्हणाल्या, “मग माझी पिशवी का हो घेत नव्हतात तेव्हा? एवढे चांगले फ्रॉक होते.”

आईच्या नियमाला मीच भोक पाडलं होतं आणि आता त्यातून या आत बघत होत्या. मी तोंड उघडणार होते. आईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे गप.

“तुमी देत व्हता म्हणून, ताई,” ती म्हणाली.

राग नव्हता त्यात. बेस्तरवारी ब्लाउज देते, असं सांगायची तसंच सांगितलं.

“ह्यो तिनं घेतलाय,” आई पुढं म्हणाली. “आन बाह्या तिनंच शिवल्यात. डावी लांब झालीय, बघा.”

ताईंनी खरंच वाकून बघितलं. “हो की,” त्या म्हणाल्या, आणि आपल्या खुर्चीकडं गेल्या.

“तरी उतरलेलाच हाय,” आई मला म्हणाली, मंचाकडं बघतच. “घरी आणलास तर माझ्या साड्यांच्या कपाटात ठेवायचा नाय.”

“खुंटीला लावीन.”

“दाराच्या मागच्या.”

मला बोलवलं. मी वर गेले. समोर दोन-अडीचशे पोरंपोरी, त्यांच्यामागं फाटकापाशी काही आया अजून उभ्याच होत्या. आत यायचं की नाही, ते ठरवत. मी माईक धरला आणि पहिलं वाक्य त्यांना उद्देशून म्हणाले, आत या, खुर्च्या रिकाम्या आहेत. आणि त्यांना बोलवायला मी हात वर केला.

डावा.

पहिल्या रांगेत आईनं कपाळाला हात लावला.